बोट ओढायला पिकअप घेतली त्याला आठ महिने झाले : मायलेज, घाट आणि बामणोलीचा गाळ

साताऱ्यात आमचं फायबर बोटी दुरुस्तीचं छोटं वर्कशॉप आहे, मी आणि आमचे दाजी मिळून बघतो. बामणोली, तापोळा, धोम इकडच्या बोटी आणायच्या, तळ घासून नवीन फायबर मारायचं, रंगवायच्या आणि परत नेऊन पाण्यात सोडायच्या. आधी हे सगळं भाड्याच्या टेम्पोनं चालायचं. एका खेपेला साडेचार हजार भाडं, वर बोट टेम्पोत चढवायला आठ माणसं, आणि उतरवताना हमखास कुठंतरी तळाला नवीन ओरखडा. म्हणजे दुरुस्त केलेली बोट आम्हीच परत खराब करून देत होतो, हे मनाला लय लागायचं. म्हणून मागच्या ऑक्टोबरात ट्रेलर बनवून घेतला आणि सेकंड हँड इसुझू व्ही-क्रॉस घेतली, २०२१ चं मॉडेल, फोर बाय फोर, मॅन्युअल. आता जून लागलाय, मीटरवर माझे साडेनऊ हजार किलोमीटर पडलेत, त्यातले अडीच हजाराच्या आसपास बोट मागं लावून.

घ्यायच्या आधी मी सगळ्यांना एकच प्रश्न विचारत होतो, मायलेज किती देते. तो प्रश्न चुकीचा नव्हता पण पहिला विचारायचा नव्हता, हे मला बामणोलीच्या काठावर कळलं.

झालं असं की गाडी घ्यायच्या आधी मित्राची टू व्हील ड्राइव्ह पिकअप घेऊन मी ट्रायल म्हणून एक बोट काढायला गेलो होतो. बामणोली शिवसागर जलाशयाच्या काठाला, आणि शिवसागर म्हणजे कोयना धरणाचंच पाणी, १०५ टीएमसीचं धरण, पावसाळ्यात काठोकाठ भरतं आणि मग उन्हाळ्यापर्यंत पाणी मागं मागं सरत जातं. पाणी सरलं की मागं राहतो तो तांबडा गाळ आणि त्यातून वर येणारा चढ, सिमेंटचा उतार प्रत्येक ठिकाणी मिळत नाही. ट्रेलर पाण्यात घातला, बोट त्यावर ओढून घेतली, इथपर्यंत झकास. गाडी वर काढायला गेलो तर मागची चाकं जागेवर फिरायला लागली. पिकअपचं मागचं अंग रिकामं असलं की हलकं असतं, त्यामुळं इंजिनमध्ये जोर कितीही असू दे तो जमिनीला लागतच नाही. हौद्यात वाळूची पोती टाकली, चाकाखाली झावळ्या घातल्या, शेवटी पंधरा माणसांनी दोर लावून वर काढली. तिथले एक आप्पा, पन्नास वर्षं बोटीवर गेलीत त्यांची, ते शांतपणे म्हणाले, "बाळा, बोट पाण्यात ढकलायला चार माणसं लागत्यात, भायेर काढायला गाव लागतं." त्या दिवशी ठरवलं, गाडी फोर बाय फोरच घ्यायची, म्हणजे चारी चाकांना जोर मिळणारी, आणि तीसुद्धा लो गिअर असलेली.

मग पर्याय बघितले. बोलेरो कॅम्पर आमच्या भागात घरोघरी आहे, अडीच लिटरचं इंजिन, ७५ एचपी, २०० न्यूटन मीटर टॉर्क (म्हणजे चाक फिरवायचा, ओढायचा जोर), खेड्यातला मेकॅनिकपण डोळे झाकून उघडतो. टाटा योद्धा २.२ लिटर, १०० एचपी, २५० न्यूटन मीटर. सांगली साइडला ज्यांना सपाट रस्त्यावर, नदीच्या पक्क्या घाटावरून बोट उतरवायची आहे त्यांनी जास्त पैसे घालायची गरज नाही, या दोन्हीतली कुठलीपण बघा. टोयोटा हायलक्स बघितली, २.८ लिटर, २०४ पीएस, चालवून बघितली तर काय सांगू, मन भरत नव्हतं, पण बजेट परवानगी देत नव्हतं. व्ही-क्रॉस या सगळ्यांच्या मधली, ती बजेटात बसली. १.९ लिटर डिझेल, १६३ पीएस, ३६० न्यूटन मीटर, आणि महत्त्वाचं म्हणजे तो टॉर्क २००० ते २५०० आरपीएमलाच पूर्ण मिळतो. ट्रेलर ओढणाऱ्याला एचपीपेक्षा हा आकडा जास्त कामाचा, कारण घाटात वळणावरून निघताना गाडी हळू असते, आरपीएम खाली असतो, आणि नेमका तिथंच जोर पाहिजे असतो.

आता मायलेज, कारण तुम्ही त्यासाठीच वाचताय हे मला माहीत आहे. हे सगळे आकडे टाकी फुल टू फुल करून वहीत लिहिलेले आहेत, मीटरवरचे नाहीत. रिकामी गाडी हायवेला ८० च्या आत ठेवली तर १४ देते. गावात ११ च्या आसपास. बोट मागं लावली, म्हणजे सोळा फुटी फायबर बोट, चाळीस एचपीचं आऊटबोर्ड इंजिन आणि ट्रेलर असं मिळून सव्वाआठशे किलो, की सगळं बदलतं. साताऱ्याहून सांगलीला दोन वेळा पूरकाळातल्या बचाव बोटी दुरुस्त करून पोचवल्या, कराड, पेठ नाका, आष्टा असा रस्ता, पहिल्यांदा ८०-८५ नं गेलो तर ८.५ मिळालं, दुसऱ्यांदा मुद्दाम ६० वर धरून गेलो तर १०.७. बोट तसलीच, रस्ता तोच, ड्रायव्हर तोच. कारण सोपं आहे, हवेचा विरोध वेगाच्या वर्गानं वाढतो, वेग दीडपट केला की विरोध सव्वादोनपट, आणि बोटीचं तोंड गाडीच्या टपाच्या वर आलं की ते शिडासारखं वारा धरतं. तेव्हापासून पुढची निम्मी बाजू ताडपत्रीनं घट्ट बांधतो, सैल ताडपत्री फडफडत राहिली तर उलट जास्त खाते हेपण बघितलंय.

यवतेश्वरचा घाट चढून कासवरून बामणोली, येऊन जाऊन सत्तरच्या थोडं वर किलोमीटर, जाताना रिकामा ट्रेलर आणि येताना बोट, तिथं सरासरी ८ पडते. म्हणजे नऊ लिटर डिझेल, ९० च्या घरातला भाव धरला तर आठशेच्या वर काही रुपये. साडेचार हजाराच्या जागी. गाडीचा हप्ता, टायर, सर्व्हिस धरूनसुद्धा महिन्याला सहा खेपा झाल्या तर परवडतं, दोन-तीनच होणार असतील तर मी स्पष्ट सांगतो, भाड्यानंच करा.

एकदा मायलेज एकदम ६ वर आलं तेव्हा मी गाडीला दोष देत बसलो होतो. फिल्टर बघितला, हवा बघितली. मग दाजी म्हणाले, "बोटीत वाकून बघितलंय का?" बघतोय तर फळ्यांच्या खाली अवकाळीचं पाणी साठलेलं, बादल्यांनी मोजून काढलं तर दोनशे लिटरच्या पुढं. दोनशे लिटर म्हणजे दोनशे किलो, आणि ते पण पुढं मागं हिंदकळणारं. मागचा बूच काढून पाणी सोडल्याशिवाय आता बोट जागची हलवत नाही. पाण्यात सोडायच्या आधी तो बूच परत बसवायचा, हे मात्र गाडीच्या स्टिअरिंगला चिठ्ठी लावून लक्षात ठेवतो.

ट्रेलरचं जरा सविस्तर लिहितो कारण सगळा त्रास गाडीनं नाही, ट्रेलरनं दिला. ज्याच्याकडून बनवून घेतला त्यानं ॲक्सल जवळजवळ मधोमध बसवला होता. दिसायला सुंदर, हातानं उचलायला हलका, मी खूश. सांगलीच्या पहिल्या खेपेला कराड सोडलं, उताराला वेग ८५ झाला, बाजूनं कंटेनर गेला आणि ट्रेलर मागं डुलायला लागला. आधी थोडा, मग पूर्ण गाडीचं शेपूट हलवायला लागला. माझ्या हातापायातलं पाणी पळालं. नशिबानं दाजी शेजारी होते, ते ओरडले "ब्रेक मारू नको, पाय काढ!" ॲक्सिलरेटर सोडला, स्टिअरिंग सरळ धरून ठेवलं, आपोआप वेग उतरला तसं डुलणं थांबलं. जोरात ब्रेक मारला असता तर मागचं वजन गाडीला आडवं करून गेलं असतं.

घरी आल्यावर ट्रेलरचं तोंड वजनकाट्यावर ठेवलं तर २२ किलो. एकूण वजनाच्या १० टक्क्याच्या आसपास भार हूकवर यायला पाहिजे, म्हणजे माझ्या केसमध्ये ८० किलो. बनवणाऱ्याला फोन केला तर त्यानं ऐकूनच घेतलं नाही, म्हणाला गाडीचा प्रॉब्लेम असंल. मग आम्हीच विंचचा, म्हणजे बोट ट्रेलरवर ओढून घ्यायच्या चरकाचा, खांब पुढं सरकवला, बोट आठ-नऊ इंच पुढं आली, परत मोजलं तर ७६. त्यानंतर आजपर्यंत ट्रेलर एकदाही डुलला नाही. तुम्ही कुठलीही गाडी घ्या, दहा लाखाची घ्या नाहीतर चाळीस लाखाची, हा काटा लावल्याशिवाय हायवेला जाऊ नका ही हात जोडून विनंती आहे. आणि भार जास्तपण नको, मागं लय वजन पडलं की पुढची चाकं हलकी होतात आणि स्टिअरिंग तरंगल्यासारखं लागतं.

दुसरी गोष्ट ब्रेक. ट्रेलरला ब्रेक नव्हतेच, आपल्याकडं छोट्या ट्रेलरला कोण लावत नाही. चढाला काय वाटत नाही, पण येताना यवतेश्वरच्या उताराला खाली सातारा दिसत असतो आणि मागनं आठशे किलो ढकलत असतात, तेव्हा कळतं. फेब्रुवारीत ओव्हररन कपलिंग बसवून घेतलं, गाडीनं ब्रेक मारला की ट्रेलर पुढं दाबतो आणि त्याच दाबानं ट्रेलरचे ब्रेक लागतात. खर्च झाला, पण आता रात्री झोप लागते. उतरताना दुसरा गिअर टाकायचा, इंजिनवर गाडी धरायची, ब्रेक मधनं मधनं. खाली आल्यावर चाकाच्या हबला हात लावून बघायचा, एक हब दुसऱ्यापेक्षा जास्त गरम लागला तर बेअरिंग बसायला लागलंय असं समजा.

बेअरिंगचं अजून एक. गरम हब तसाच थंड पाण्यात घातला की आतली हवा आकसते आणि पाणी आत ओढलं जातं, ग्रीस पांढरं पडतं. पहिली दोन बेअरिंग माझी अशीच गेली. आता बामणोलीत पोचलो की आधी चहा, अर्धा तास, मग ट्रेलर पाण्यात. लाइटचा सॉकेटपण तेव्हाच काढून ठेवतो.

गाळातलं काम मात्र गाडीनं असं केलं की मी तिला मनापासून नमस्कार केला. डायल ४एल वर, म्हणजे फोर बाय फोरच्या लो गिअरवर फिरवायचा, पहिला गिअर, क्लच पूर्ण सोडायचा आणि ॲक्सिलरेटरला जेमतेम पाय. गाडी मुंगीच्या चालीनं बोट घेऊन वर येते, क्लचचा वास नाही, चाक फिरणं नाही. मे मध्ये पाणी सगळ्यात खाली होतं तेव्हा एका दिवसात तीन बोटी काढल्या, मी आणि दाजी, दोघंच. आप्पा काठावर बसून बघत होते, तिसरी बोट वर आली तेव्हा उठून आले आणि बॉनेटवर हात ठेवून नुसतं "बरं झालं" म्हणाले. सुक्या डांबरावर मात्र फोर बाय फोर लावून फिरू नका, वळताना पुढच्या मागच्या चाकांचं जमत नाही आणि आतलं सामान झिजतं.

त्रास म्हणाल तर, गाडी सव्वापाच मीटरच्या पुढं लांब, त्यात ट्रेलर, म्हणजे साताऱ्यात राजवाड्याकडं चुकूनसुद्धा नेत नाही. घाटातल्या वळणाला ट्रेलर आतल्या बाजूनं कापतो, म्हणून वळण बाहेरून घ्यावं लागतं आणि समोरून एसटी येत असेल तर आधीच थांबायचं. मागं पाटे असल्यामुळं रिकामी असताना आदळते, सगळ्याच पिकअप आदळतात, आईला कोरेगावला नेलं तर कंबर धरून उतरली. बोट लावली की उलट छान बसून चालते. डिझेल बीएस ६ असल्यामुळं नुसतं वर्कशॉप ते घर असं चालवलं तर डीपीएफ, म्हणजे धुरातली काजळी अडवणारा फिल्टर, भरतो, पंधरा दिवसातनं एकदा हायवेला अर्धा तास एका वेगानं पळवतो.

रिव्हर्स शिकायला मला महिना गेला. एमआयडीसीतल्या मोकळ्या प्लॉटवर रोज संध्याकाळी. युक्ती एकच कामी आली, हात स्टिअरिंगच्या खालच्या टोकाला धरायचा, मग हात जिकडं न्याल तिकडं ट्रेलर जातो. आणि कासला फुलांच्या सीझनला, ऑगस्ट ते ऑक्टोबर, शनिवार-रविवार ट्रेलर घेऊन जाऊच नका, रस्त्यावर मागं-पुढं व्हायला जागा राहत नाही. मी मंगळवार-बुधवारी पहाटे साडेपाचला निघतो.

ट्रेलरचं पासिंग पण वेगळं लागतं, कायद्यात ट्रेलर हा पण वाहनच धरलाय, नुसता जोडला आणि निघालो असं चालत नाही. हे गाडीच्या बजेटमध्ये आधीच धरा.

टायर आता निम्मे झालेत. पावसाळ्यात बोटी बंद, तेवढ्यात ट्रेलरचे दोन्ही हब खोलून नवीन सील टाकायचेत आणि गाडीला ऑल टेरेन टायर घ्यायचे की रस्त्याचेच ठेवायचे ते ठरवायचंय. ऑल टेरेननं मायलेज थोडं कमी होणार हे धरूनच चाललोय. कोणी घाटात आणि गाळात दोन्हीकडं वापरले असतील तर किती फरक पडला तो आकडा सांगा.