वॉशिंग मशीनचा पंप जळाला सांगून ४,९०० घेतले, घोडबंदर रोडवाल्यांनी जरूर वाचा

जुलैतला शनिवार, बाहेर पाऊस थांबायचं नाव घेत नव्हता आणि घरात दोन दिवसांचे कपडे मशीनमध्ये पाण्यात बुडालेले. फ्रंट लोड मशीन आहे, सहा वर्षं जुनं. पाणी बाहेर टाकायची वेळ आली की खालून नुसता घुं घुं आवाज यायचा, पाणी तसंच, मग ड्रेनचा एरर येऊन बंद. हा घुं घुं आवाज लक्षात ठेवा, सगळी गोम त्यातच आहे आणि मला ते फार उशिरा कळलं.

मिस्टर पुण्याला होते, घरी मी आणि सासूबाई. मी मोबाईलवर कंपनीचं नाव टाकून पुढे कस्टमर केअर ठाणे असं सर्च केलं आणि सगळ्यात वर जो नंबर आला तो लावला. समोरच्या बाईने कंपनीचंच नाव घेऊन फोन उचलला, मग शंका यायचं कारणच नव्हतं. तासाभरात माणूस दारात. व्हिजिटचे ३५० आधीच घेतले.

त्याने मला बादली आणायला पाठवलं, मग जुना टॉवेल, मग अजून एक टॉवेल. तेवढ्या वेळात त्याने खालचा फिल्टर उघडून पाणी काढलं होतं. सासूबाई किचनच्या दारात बसल्या होत्या, त्या नंतर हळूच म्हणाल्या की अगं त्याने आतून काहीतरी ओढून काढलं आणि खिशात टाकलं. मी म्हटलं आई असेल काहीतरी कचरा. आज त्याचं फार वाईट वाटतं, घरातलं माणूस डोळ्याने बघून सांगत होतं आणि मी बाहेरच्यावर विश्वास ठेवला.

मग त्याने पंप खोलून हातात आणला आणि त्याचं छोटं पंख्यासारखं चाक बोटाने फिरवून दाखवलं, बघा मॅडम कसं अडकत अडकत फिरतंय, मोटर जळलीय, आणि मोटर शॉर्ट झाल्यामुळे वरचा पीसीबी बोर्ड (मशीन चालवणारं इलेक्ट्रॉनिक सर्किट) पण गेलाय. चाक खरंच झटके देत फिरत होतं, मला पटलं. ५,८०० सांगितले, घासाघीस करून ४,९०० वर आला. २,५०० ॲडव्हान्स यूपीआयने घेतले, पंप आणि बोर्ड दोन्ही पिशवीत घालून घेऊन गेला. जुना पंप परत द्याल ना विचारलं तर म्हणे कंपनीत जमा करावा लागतो. रविवारी येऊन बोर्ड आणि पंप लावला, मशीन चालू करून दाखवलं, उरलेले २,४०० घेतले आणि साध्या पावतीबुकावर बिल दिलं. त्यावर ना पत्ता, ना जीएसटी नंबर. नवीन पंप बॉक्समध्ये नव्हता, साध्या प्लॅस्टिकच्या पिशवीत होता, तेव्हाच विचारायला हवं होतं.

तिसऱ्या धुण्याला मशीनखालून पाणी आलं, पार हॉलपर्यंत. फोन केला तर कंप्लेंट रजिस्टर झाली, उद्या येतो. चार दिवस उद्या, मग नंबर ब्लॉक.

शेवटी ताईचा मुलगा आला, तो आयटीआयला इलेक्ट्रिशियन ट्रेड करतोय. त्याने आधी प्लग काढला, नळ बंद केला, मग आम्ही दोघांनी मिळून मशीन मागे भिंतीला टेकवलं (एकट्याने करू नका, आत वजनासाठी काँक्रीटचे ब्लॉक असतात, साठ-सत्तर किलो सहज भरतं). आमच्या मशीनला खालून मोकळं आहे म्हणून पंप दिसला, काहींना मागचं किंवा पुढचं पॅनल काढावं लागतं. वायरींचा फोटो काढला, दोन पिनांचं कनेक्टर काढलं, तीन स्क्रू, पंप हातात. दहा मिनिटं पण लागली नाहीत. आणि तो नवीन म्हणून लावलेला पंप बघून मला रडूच आलं. आतून पांढरा क्षार साचलेला, स्टिकर खरवडून काढलेलं, रबर कडक होऊन तडकलेलं, स्क्रूच्या भोकाजवळ बॉडीला चीर. कोणाच्या तरी मशीनमधून काढलेला जुना पंप होता. माझा कोणाच्या घरी गेला असेल देव जाणे. आणि आमच्याकडे टँकरचं पाणी, क्षार बघायची सवय आहे, सहा दिवसात एवढा थर बसतच नाही.

मी त्याला त्या झटक्यांचं सांगितलं तर तो म्हणाला मावशी, या पंपाच्या आत मॅग्नेट असतो, चांगला पंप पण बोटाने फिरवला की तसाच झटके देत फिरतो. आणि आवाज येत होता ना? मग बोर्ड करंट देत होता आणि कॉईल पण शाबूत होती, फक्त चाकात काहीतरी अडकलेलं. जळलेला पंप बहुतेक वेळा एकदम गप्प असतो. नंतर वरचं झाकण काढून बोर्ड दाखवला, त्यावर जेलीसारखा पारदर्शक थर असतो, रिपेअर करायचा तर तो कापावा लागतो. आमच्या बोर्डावर एक ओरखडा नव्हता. म्हणजे बोर्ड नुसता फिरवून आणलेला.

स्टेशनजवळच्या स्पेअर पार्टच्या दुकानातून मॉडेल नंबर दाखवून नवीन पंप ८५० ला आणला, भाच्याने बसवला, आता एक थेंब गळत नाही.

म्हणून कळकळीने सांगते, पाणी अडकलं आणि घुं घुं येत असेल तर कोणाला बोलावण्याआधी प्लग काढून फिल्टरवरचं खालचं छोटं झाकण उघडा. शेजारी बारीक नळी असेल तर आधी तिने पाणी काढा, गरम पाण्यावर लावलं असेल तर गार होऊ द्या, मग फिल्टर हळूहळू फिरवून काढा आणि टॉर्च मारून आतलं चाक बघा. नाणं, केसांची पिन, बाळाचा मोजा, ब्राची तार, हेच असतं. मेकॅनिक बोलावलाच तर त्याच्यासमोरून हलू नका आणि जुना पार्ट घराबाहेर जाऊ देऊ नका. नंबर वॉरंटी कार्डवरचा किंवा मॅन्युअलमधलाच लावा, मी तो नंतर लावला तेव्हा कळलं की आधीच्या नंबरचा कंपनीशी काही संबंध नाही.

मी १९१५ वर ग्राहक हेल्पलाईनला तक्रार केली आहे, सायबरच्या पोर्टलवर पण यूपीआयच्या स्क्रीनशॉटसकट टाकली आहे. पैसे अजून आलेले नाहीत. काल परत तसंच सर्च करून बघितलं, तो नंबर अजूनही सगळ्यात वरच दिसतोय.