ओव्हरक्लॉक केलेला लॅपटॉप हँग होतोय: रीसेट करायचा, व्होल्टेज वाढवायचं की अंडरव्होल्ट?

प्रोसेसर ओव्हरक्लॉक केला, म्हणजे कंपनीने ठरवलेल्यापेक्षा जास्त स्पीडला चालवला, दोन दिवस भारी वाटलं, आणि आता लॅपटॉप मध्येच गोठतो नाहीतर निळी स्क्रीन दाखवून रीस्टार्ट होतो, असं झालं असेल तर तीन वाटा आहेत. सगळं होतं तसं करायचं, व्होल्टेज वाढवून तोच स्पीड टिकवायचा, किंवा स्पीडचा नाद सोडून उलट व्होल्टेज कमी करायचं, म्हणजे अंडरव्होल्ट. मी तिन्ही करून बसलोय, सेकंडहँड घेतलेल्या आय सेव्हन ७८२०एचके वर, म्हणजे इंटेलने मल्टिप्लायर (स्पीड ठरवणारा आकडा) आपल्याला बदलता येईल असा उघडा ठेवलेल्या २०१७ च्या मोजक्या लॅपटॉप चिपपैकी एक.

आधी तो पडतो कसा ते बघा, कारण सगळं त्यावर आहे. फटकन काळा होऊन बंद पडला तर बहुतेक उष्णता किंवा अडॅप्टर पुरत नाहीये. १०० डिग्रीला चिप स्वतःच स्पीड पाडते, त्यामुळे नुसतं तापल्याने सहसा गोठत नाही. पण माझ्याकडे तापमान ६०-६५ असताना गाणं लावलेलं, एकदम आवाज टर्रर्र करत एकाच जागी अडकला आणि माउस मेला, ही त्या स्पीडला व्होल्टेज कमी पडल्याची खूण. विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये (घडामोडींची नोंदवही) कर्नल-पॉवर ४१ ही नोंद बघून लोक तेच कारण समजतात, पण ते फक्त सांगतं की मशीन नीट शटडाउन न होता गेलं, बास. खरी माहिती तिथल्याच डब्ल्यूएचईए-लॉगरच्या, म्हणजे हार्डवेअरच्या चुकांच्या, नोंदींमध्ये असते: १९ नंबर म्हणजे चूक झाली आणि हार्डवेअरने सावरून घेतली, १८ म्हणजे सावरता आली नाही. १९ च्या ओळी दिसायला लागल्या की लॅपटॉप अजून पडला नसला तरी पडणार हे धरून चाला आणि डेटाचा बॅकअप आजच घ्या, अशा अवस्थेत कॉपी केलेल्या फाइल्स पण खराब होऊ शकतात.

रीसेट सगळ्यात सोपं. स्पीड-व्होल्टेज बदलायला इंटेलचं एक्सटीयू वापरलं असेल तर त्यात डिफॉल्ट, त्याच कामाचं थ्रॉटलस्टॉप असेल तर तो स्टार्टअपमधून काढा, बायोसमध्ये (विंडोजच्या आधी चालणाऱ्या मदरबोर्डच्या सेटिंग्ज) बदल केला असेल तर लोड डिफॉल्ट्स. लॅपटॉप चालूच होत नसेल तर मात्र मागचं झाकण उघडून मोठ्या बॅटरीची केबल आणि नाण्यासारखा सेल काही मिनिटं काढून ठेवावा लागतो, आणि काही मॉडेलात तो सेल मदरबोर्डच्या खालच्या बाजूला असतो, म्हणजे अख्खं मशीन खोला. वॉरंटी असेल तर दुकानातच न्या. पुढे काहीही करायचं असलं तरी रीसेट पहिला, नाहीतर कुठली सेटिंग गोंधळ घालतेय ते कळतच नाही.

व्होल्टेज वाढवणं हा डेस्कटॉपवाल्यांचा सल्ला, आणि लॅपटॉपवर मला तो अजिबात पटत नाही. पॉवर व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, १.२० व्होल्टचं १.३० केलं की त्याच स्पीडला साधारण १७ टक्के जास्त उष्णता, आणि ती बाहेर काढायला आहेत दोन बारके पंखे. माझे चारही कोर ४.३ गिगाहर्ट्झवर ठेवले होते, गोठणं थांबलं खरं, पण रेंडर (प्रोसेसरला पूर्ण जुंपणारं काम) लावला की दोन मिनिटांत ९८ डिग्री आणि स्पीड घसरून ३.३. कीबोर्डवरचं डब्ल्यू चं बटण बोट ठेवणार नाही इतकं गरम. मग ४.३ नुसतं स्क्रीनवर बघायला!

आता अंडरव्होल्ट. मल्टिप्लायर कंपनीचाच ठेवून मी उणे १०० मिलिव्होल्ट केलं, तर तोच रेंडर ३.५ वर ठाण मांडून आणि ८४-८५ डिग्रीत, म्हणजे ओव्हरक्लॉकपेक्षा लवकर संपला. तुमची चिप उणे ६० लाच रडू शकते, तेव्हा १०-१० ने खाली जा. आणि फक्त प्राइम९५ वर (प्रोसेसरवर पूर्ण भार टाकून तपासणारा प्रोग्रॅम) विश्वास ठेवू नका, कारण खोल अंडरव्होल्ट बऱ्याचदा फुल लोडला टिकतं आणि ब्राउझरमध्ये टॅब उघडताना पडतं, तिथे एखादाच कोर झटक्यात वरच्या स्पीडला जातो. मी तर दोन दिवस रोजचं काम करूनच सेटिंग सेव्ह केली, तोवर थ्रॉटलस्टॉपला व्होल्टेज सेव्ह करू नको सांगून ठेवलं होतं, म्हणजे पडला तरी पुढच्या वेळी साधा चालू होतो.

अडचण एकच. डिसेंबर २०१९ मध्ये प्लंडरव्होल्ट नावाची, व्होल्टेज कमी करून चिपमधली सुरक्षा फोडायची भानगड बाहेर आली, आणि त्यानंतरच्या बायोस अपडेटमध्ये बऱ्याच लॅपटॉपांवर अंडरव्होल्ट लॉक झालं. थ्रॉटलस्टॉपच्या एफआयव्हीआर (व्होल्टेज बदलायच्या) खिडकीत लॉक्ड असं दिसलं तर जुना बायोस शोधत बसू नका, ते भोक बुजवायलाच अपडेट आलं होतं. मग रीसेट करा, थर्मल पेस्ट (चिपची उष्णता पुढे नेणारा लेप) बदला, पंख्यातली धूळ काढा. माझ्या पंख्यातून तर जवळपास गोधडी निघाली होती.