गाविलगड की नरनाळा? गाडी नसलेल्यांसाठी, बेतात बसणारी तुलना

दिवाळीनंतर एखादा गड करायचाय, घरची गाडी नाही, पॅकेजवाल्यांच्या मागे जायचं नाही आणि खर्च हाताबाहेर जाऊ द्यायचा नाही. असं कोणी म्हटलं की वऱ्हाडात दोनच नावं पुढे येतात. अमरावती-परतवाड्याकडचे गाविलगड म्हणतात, अकोला-अकोटकडचे नरनाळा. दोघंही आपल्या गावचा म्हणून सांगतात, त्यामुळे त्यांच्या सल्ल्याचा उपयोग बेताचाच.

नकाशात दोन्ही सातपुड्याच्या एकाच रांगेवर आहेत, दोन्ही मेळघाट व्याघ्र प्रकल्पाच्या जंगलात येतात आणि इतिहासही बराचसा सामाईक आहे. नरनाळ्याचा महाकाली दरवाजा 1487 चा आणि गाविलगडाची मोठी दुरुस्ती 1488 ची. दोन्ही कामं अचलपूरच्या इमादशाहीचा मूळ पुरुष फत्तेउल्ला इमाद-उल-मुल्क याची. हा मूळचा विजयनगरच्या मुलखातला कानडी ब्राह्मणाचा मुलगा, लढाईत पकडला गेला, बहमनींच्या चाकरीत वाढला आणि शेवटी वऱ्हाडचा धनी झाला. पुढे 1803 च्या देवगावच्या तहात इंग्रजांनी नागपूरकर भोसल्यांना जे थोडंफार परत केलं त्यात हे दोन्ही किल्ले होते. हे सगळं वाचून वाटतं, एक पाहिला की दुसरा पाहिल्यासारखाच. चालायला लागलं की हा समज पहिल्या तासातच जातो.

फरक चढाचा आहे. गाविलगडाशेजारचं थंड हवेचं ठिकाण चिखलदरा समुद्रसपाटीपासून अकराशे मीटरच्या आसपास आणि गाविलगडही जवळपास तेवढाच. म्हणजे खरा चढ आपल्याऐवजी यष्टी चढते. धामणगाव गढी मागे पडलं की घाटाची वळणं सुरू होतात, कान बंद होतात, आणि उतरतो तोवर आपण गडाच्या उंचीवर पोहोचलेलो असतो. स्टँडपासून किल्ल्यापर्यंत पायदळ जाता येतं. आधी पठारावरून, मग थोडं उतरून, मग पुन्हा वर. घरची म्हातारी माणसं सोबत असतील तर तीही दरवाज्यापर्यंत सावकाश येतात.

नरनाळ्याला ही सोय नाही. अकोट सपाटीवर, पोपटखेड डोंगराच्या पायथ्याशी, शहानूर जंगलाच्या तोंडाशी, आणि गड साधारण 970 मीटरवर. पायथ्यापासून माथ्यापर्यंतचा चढ आपल्याच पायांनी मोजायचा. गाड्यांसाठी वरपर्यंत रस्ता आहे, पण गाडी नाही इथूनच तर आपण सुरुवात केली. ज्याला गड ‘चढायचा’ आहे त्याच्यासाठी निवड इथेच झाली म्हणा.

पोहोचायचं कसं आणि किती पैसे जातात

गाविलगडासाठी रेल्वेनं बडनेरा किंवा अमरावती गाठायचं. अमरावतीहून परतवाडा पन्नासेक किलोमीटर, पुढे चिखलदरा तीसेक. परतवाड्यापर्यंत गाड्यांना तोटा नाही. तिथून चिखलद्याला यष्टी आहे आणि जीपही भरतात. जीप भरल्याशिवाय हलत नाही, तेव्हा सकाळी लवकर निघालेलं बरं. महिलांना यष्टीत अर्धं तिकीट, पंचाहत्तरीच्या वरच्यांना प्रवास फुकट. म्हणजे चौघांच्या कुटुंबात आई आणि आजी असतील तर जाण्यायेण्याचा खर्च फारच हलका होतो.

खिसा रिकामा होतो तो चिखलद्यात. पावसाळ्यातला शनिवार-रविवार, पंधरा ऑगस्ट, नाताळ अशा दिवसांत खोल्यांचे भाव लॉजवाल्याच्या मर्जीवर असतात. आठवड्यात जी खोली तुम्ही घासाघीस करून घेता तीच शनिवारी ‘घ्यायची तर घ्या’ म्हणून मिळते. उपाय दोन. मंगळवार-बुधवार गाठायचा, नाहीतर परतवाड्यात मुक्काम करून पहिल्या गाडीनं वर जायचं आणि संध्याकाळी खाली यायचं. परतवाडा बाजारपेठेचं गाव आहे, पर्यटकांचं नाही, त्यामुळे लॉज आणि जेवण दोन्ही शेतकऱ्याला परवडेल अशा भावात मिळतं. थंड हवेच्या ठिकाणी रात्र काढायची हौस नसेल तर मला तरी हाच बेत पटतो.

नरनाळ्यासाठी अकोला जंक्शन. तिथून अकोट पंचेचाळीसेक किलोमीटर. यष्टी भरपूर, आणि मीटरगेजची ब्रॉडगेज झाल्यापासून पॅसेंजरही आहे, ती सगळ्यात स्वस्त. वेळ मात्र गाडीच्या हिशेबानं जुळवावी लागते. इथवर नरनाळा स्वस्त. अडचण पुढच्या वीसेक किलोमीटरची, अकोट ते शहानूर. या वाटेवर गाड्या कमी. सकाळची गाडी चुकली की अर्धा दिवस गेला, आणि मग ऑटोवाला सांगेल तो आकडा. एकट्यादुकट्याला हा ऑटो अख्ख्या सहलीत सगळ्यात महाग पडतो, चौघं असले तर काहीच वाटत नाही. फटफटी असलेला मित्र अकोटात असेल तर सगळा प्रश्नच मिटला, पेट्रोल तुम्ही भरा.

याशिवाय नरनाळ्याला वनविभागाच्या गेटवर प्रवेशशुल्क भरायचं, गाईड घ्यायचा. गाईडचे पैसे वाचवायच्या भानगडीत पडू नका. शहानूरची पोरं या जंगलात वाढलेली असतात. कोणत्या टाक्याकडे अस्वलाची ये-जा आहे, आग्या मोहोळ यंदा कोणत्या कमानीला लागलंय, हे नकाशात नसतं. शिवाय पायदळ सोडायचं की गाडीनंच जा म्हणायचं, हा निर्णय त्या दिवशीच्या परिस्थितीनुसार वनविभागाचा. तो आदल्या दिवशीच विचारून घ्या. पायी सोडणार नसतील तर गाडी करावी लागेल, आणि तुम्ही दोघंच असाल तर बेत तिथेच कोलमडतो. तेव्हा नरनाळ्याला किमान चार जण जमवा, एवढं मी आग्रहानं सांगेन.

वर काय आहे

गाविलगडाची मजा नीट घ्यायची तर 15 डिसेंबर 1803 ची सकाळ माहीत असावी लागते. अडगावला 29 नोव्हेंबरला इंग्रजांकडून भोसल्यांचा पराभव झाला आणि त्यांचं पायदळ या गडात येऊन बसलं. दक्षिणेकडून ताठ कडा, तिकडून चढाई अवघड. आर्थर वेलस्ली, म्हणजे पुढे नेपोलियनला हरवणारा वेलिंग्टन, दक्षिणेला देवगावच्या बाजूला तळ देऊन राहिला आणि तिकडूनच हल्ला होणार असा देखावा उभा केला. खरं काम कर्नल स्टीव्हन्सनकडे. त्यानं अचलपूरकडून निघून डोंगरातून रस्ता पाडत, तोफा माणसांकडून ओढवत, पाचेक दिवसांत उत्तरेचं पठार गाठलं. 12 डिसेंबरच्या रात्री तोफा लागल्या, दोन दिवसांत बाहेरच्या तटाला खिंडार पडलं.

आज आपण चिखलद्याहून जातो ती हीच उत्तरेकडची बाजू. बाहेरचा कोट ओलांडला की पुढे घळ लागते आणि घळीच्या पलीकडे आतला कोट. इंग्रजांनाही वाटलं होतं काम झालं, तर समोर ही दुसरी भिंत. दरवाज्यापाशी किल्लेदार बेनीसिंगाच्या माणसांनी त्यांना अडवून धरलं. शेवटी कॅप्टन कॅम्पबेलची तुकडी घळीत उतरली, दुसऱ्या अंगानं वर चढली आणि शिड्या लावून आत गेली. बेनीसिंग तिथेच पडला. ही हकीकत डोक्यात ठेवून घळीच्या काठावर दहा मिनिटं उभं राहा. शिडी कुठं लावली असेल, वरून दगड कुठून लोटले असतील, हे आपोआप शोधू लागता. पुस्तकातली लढाई इतक्या स्वच्छपणे जमिनीवर दिसावी असा दुसरा किल्ला मला विदर्भात दाखवा.

बाकी गाविलगडावर तलाव आहेत, मशीद आहे, तोफा आहेत, आणि दिल्ली दरवाजा आहे, ज्यावर शार्दूल आणि दोन तोंडांचा गंडभेरुंड कोरलाय. हा गंडभेरुंड कर्नाटकातल्या राजचिन्हांतला काल्पनिक पक्षी. फत्तेउल्लाची कुळकथा कळली की तो इथं काय करतो याचा अंदाज बांधता येतो. पण एकूणात पडझड फार. गवत वाढलं की वाडे कुठले नि उकिरडे कुठले समजत नाही.

वास्तूंच्या बाबतीत नरनाळा सरळ पुढे आहे. मुळात तो एक गड नाही, तीन आहेत. मधला नरनाळा, पूर्वेला जाफराबाद आणि पश्चिमेला तेलियागड. तिन्ही एका दिवसात होत नाहीत आणि करायचीही गरज नाही, मधला पुरेसा आहे. महाकाली दरवाज्यासमोर मात्र बसायचं, नुसतं फोटो काढून पुढे सटकायचं नाही. फिकट दगड, बाजूंना सज्जे, कमानीवर कमळं आणि सगळ्यांच्या वर आडवी चालत गेलेली अरबी अक्षरं. ऊन तिरपं असताना त्या अक्षरांच्या कडा उठून दिसतात, दुपारी बारा वाजता सगळं सपाट दिसतं. म्हणून सकाळी पोहोचा. हातानं चाचपू नका एवढंच, आधीच बदाम कोरणाऱ्यांनी या गडावर भरपूर काम करून ठेवलंय.

पुढे राणी महाल, मशीद, तेलातुपाची टाकी, शक्कर तलाव, आणि कड्याजवळ नऊगजी तोफ. गाडा कधीच गेला, नुसती नळी राहिली. तिथून खाली वऱ्हाडचं सपाट रान पसरलेलं दिसतं. कपाशीची, संत्र्याची शेतं, मधे मधे गावं, आणि हिवाळ्याच्या सकाळी सगळ्यावर धुरकट पडदा. तलावाचं पाणी हिरवं आणि सुंदर दिसलं तरी ते पिऊ नये. माणशी तीन लिटर पाणी खालूनच न्यायचं, वर दुकान नाही.

खाण्याचं म्हणाल तर गाविलगडाकडे काळजी नाही. चिखलद्यात गरम भजी, चहा, आणि महाराष्ट्रात इथंच होणारी कॉफी. नरनाळ्याला डबा बांधून न्या. भाकर, बेसन, मिरचीचा ठेचा, कांदा. वांग्याची रस्सेदार भाजी टाळा, चढावर डबा सांडतो. माकडांसमोर उघडू नका, ती टोळीनं येतात आणि लाजत नाहीत.

कधी

चिखलदरा पावसाळ्यात गर्दीनं फुगतो, पण जुलै-ऑगस्टात धुकं इतकं उतरतं की गाविलगडावर उभं राहून गाविलगड दिसत नाही. हिरवळीसाठी जायचं तर जा, किल्ल्यासाठी नको. नरनाळ्याला पावसात ओढे आणि निसरडे दगड, आणि जंगलातल्या प्रवेशाचे नियमही या काळात बदलतात. ऑक्टोबरच्या शेवटापासून फेब्रुवारीपर्यंत दोन्ही उत्तम. मार्चनंतर सागाची पानं झडतात, जंगल विरळ होतं, तटबंदी लांबून स्पष्ट दिसते. त्याची किंमत म्हणून ऊन. वऱ्हाडी उन्हात नरनाळ्याचा चढ एप्रिल-मेमध्ये करायचा विचार नवख्यानं करूच नये. गाविलगड निदान सकाळच्या प्रहरी जमतो.

मग कोणता?

एकटे असाल, किंवा आईवडील, लहान पोरं सोबत असतील, तर गाविलगड. पोहोचण्याची खात्री आहे, परत येण्याची खात्री आहे आणि पाय दुखले तर चिखलदऱ्यातले बाकीचे पॉइंट आहेत. इतिहास वाचणाऱ्यालाही आधी हाच सांगेन.

चार मित्र, दमदार पाय, आधीच विचारून घेतलेली परवानगी आणि पहाटे निघायची तयारी असेल तर नरनाळा, दुसरा विचार नको. खर्च वाटून घेतला की तो गाविलगडापेक्षा स्वस्तही पडतो, कारण वर पैसे खर्च करायला काही नाहीच.

दोन्ही करायचे असतील तर अकोला–अमरावती असं मागे फिरत बसू नका. अकोटहून अंजनगाव सुर्जीमार्गे परतवाड्याला थेट रस्ता आहे, यष्ट्या आहेत. एक दिवस नरनाळा, रात्री अकोटात किंवा परतवाड्यात, दुसऱ्या दिवशी गाविलगड. यष्टीचा ‘आवडेल तेथे प्रवास’ चार दिवसांचा पास यासाठी कामाचा. पण तो फायद्याचा ठरतो लांबून यष्टीनंच येणाऱ्याला, म्हणजे पुणे-नाशिककडच्या मंडळींना. अकोला-अमरावतीकरांनी साधी तिकिटंच काढावीत. क्रम मात्र हाच ठेवा. नरनाळ्यानं पाय मोडल्यावर दुसऱ्या दिवशी चढ यष्टीवर सोपवता येतो. उलट केलंत तर दुसऱ्या सकाळी शहानूरच्या गेटवर उभं राहून गाडीची चौकशी करत बसाल.

आणि दोन्हीकडे अंधार पडायच्या आत खाली. नरनाळ्यावर मुक्कामाचा विचारही करू नका. शहानूरला वनविभागाची राहायची सोय आहे, तिचं आरक्षण निघण्याआधीच करायचं. परतीची शेवटची गाडी किती वाजता हे सकाळी उतरतानाच कंडक्टरला विचारून ठेवा, स्टँडवरच्या फलकावर विसंबू नका.