खारपाणातली पराटी: जिप्सम, ढैंचा, देशी वाण की बाटलीतलं टॉनिक?

पूर्णेच्या दोन्ही काठांनी अमरावती, अकोला, बुलढाणा मिळून जवळपास ९०० गावं खारपाणपट्ट्यात, म्हणजे खाऱ्या पाण्याच्या आणि खारवट जमिनीच्या पट्ट्यात येतात आणि मे महिना लागला की सगळीकडे एकच विषय, औंदा पराटीसाठी, म्हणजे कपाशीसाठी, वावरात काय टाकायचं. कोणी म्हणतं जिप्सम टाक, कोणी ढैंचा (हिरवळीच्या खताचं पीक) पेर म्हणतं, कोणी देशी कपाशी लाव म्हणतं, आणि कृषी केंद्रावर गेलं की समोर बाटली येते. आता या चारही गोष्टींची कामं वेगळी आहेत, त्यामुळे आपल्या वावराचं दुखणं काय आहे ते कळल्याशिवाय पैसे काढूच नका.

कपाशी तशी क्षार सोसणारी आहे बरं का. मातीची ईसी (क्षार किती आहेत त्याचं माप) साडेसातच्या आसपास जाईपर्यंत तिचं उत्पन्न फारसं घटत नाही, सोयाबीन त्याच्या कितीतरी आधी बसतं. कपाशीला जड जातो तो उगवणीचा काळ, आणि दुसरं म्हणजे मुळाशी साचलेलं पाणी. आपल्याकडे बहुतेक ठिकाणी खरं दुखणं हेच दुसरं आहे. मातीत सोडियम जास्त झाला की काळी चिकण माती फुगते, बारीक छिद्रं बुजतात, वर पाणी तुंबतं आणि खाली मूळ गुदमरतं. याला चोपण म्हणतात.

घरच्या घरी पाहायचं तर हरभऱ्याएवढा मातीचा वाळलेला खडा काचेच्या ग्लासात डिस्टिल्ड पाण्यात (बॅटरीत टाकतात ते) अलगद सोडा, हलवू नका. खड्याभोवती दुधासारखा ढग पसरला आणि दुसऱ्या दिवशीही पाणी निवळलं नाही तर चोपण समजा. खडा नुसता विरघळून तळाशी बसला आणि वर पाणी स्वच्छ राहिलं तर सोडियमचा त्रास कमी. बोअरचं पाणी यासाठी वापरू नका, त्यातल्या क्षारांमुळे माती धरून राहते आणि चोपण असूनही दिसत नाही. नंतर माती तपासणी कराच. पीएच साडेआठच्या वर आणि ईएसपी (मातीच्या कणांवर सोडियम किती टक्के आहे तो आकडा) १५ च्या वर म्हणजे पुस्तकातलं चोपण, पण आपल्या मातीत १५ च्या बऱ्याच आधीपासून पाणी मुरणं मंदावतं, म्हणून रिपोर्टवर नॉर्मल लिहून आलं तरी तो ग्लास विसरू नका.

चोपण निघालं तर माझं मत सरळ जिप्समच्या बाजूने. जिप्सममधलं कॅल्शियम मातीच्या कणावरचा सोडियम ढकलून त्याची जागा घेतं, सुटलेला सोडियम पावसाच्या पाण्यासोबत खाली किंवा बाहेर जातो. आपल्या भागात साधारण हेक्टरी अडीच टन टाकतात, म्हणजे एकरी १० क्विंटल, पण नेमका आकडा तपासणीवरूनच ठरवा. खर्च आहे, ट्रॉलीचं भाडं वेगळं, मजुरी वेगळी. म्हणूनच म्हणतो, पैसे कमी असतील तर पाच एकरावर चिमूटभर भुरभुरण्यापेक्षा सगळ्यात खराब एक एकर धरा आणि तिथे पुरतं टाका. मृगाच्या आधी पसरून वखराने वरच्या चार-पाच इंचात मिसळायचं. आणि माती नुसती क्षाराची असेल, चोपण नसेल, तर जिप्समवर पैसा घालू नका, तिथे गोडं पाणी आणि निचरा हेच औषध.

निचऱ्याचं कोणी बोलत नाही कारण ते दुकानात मिळत नाही. सुटलेल्या सोडियमला बाहेर जायला वाटच नसेल तर तो तिथेच राहणार आणि जिप्समचे पैसे मातीत जाणार, अगदी शब्दशः. बीबीएफवर (रुंद वरंबा आणि दोन्ही बाजूंना सरी) पेरणी जमली तर उत्तमच, नाहीतर डवरणीच्या वेळी डवऱ्याच्या जानोळ्याला दोरी गुंडाळा, माती दोन्हीकडे सरकून तासांमध्ये (पिकाच्या ओळींमध्ये) सरी पडते, त्या सऱ्यांना उताराकडे तोंड काढून द्या. खर्च जवळपास शून्य, आणि माझ्या हिशोबाने हे जिप्समच्याही आधी.

ढैंच्याचं गणित वेगळं आहे. बियाणं जिप्समपेक्षा खूपच स्वस्त, मूळ खोल जातं, चोपणातही उगवतो आणि फुलोऱ्याच्या आधी, साधारण ४०-४५ दिवसांनी गाडला की माती भुसभुशीत होते. पण कोरडवाहूत तो पावसावरच वाढणार, म्हणजे सबंध वावरात घेतला तर औंदाची पराटी गेली. ज्याला रब्बीत हरभरा घ्यायचा आहे त्याने त्या तुकड्यात ढैंचा घ्यावा, पराटीवाल्याने दोन तासांच्या मधे पेरून महिन्या-सव्वा महिन्यात तिथेच दाबावा. फरक हळूहळू दिसतो, एका हंगामात चमत्कार नाही.

देशी वाण, जसं अकोल्याच्या कृषी विद्यापीठाचं एकेए-७, हे जमीन न बदलता निभावून नेणाऱ्यासाठी. सोटमूळ खोल, पावसाचा ताण सोसतं, तुडतुड्यांचा त्रास कमी, फवारणी वाचते. अडचण वेचणीला. बोंडं लहान, उशीर झाला की फुटलेला कापूस खाली गळतो आणि मजूर आधीच मिळत नाहीत. धागा आखूड असतो म्हणून पेरायच्या आधीच व्यापाऱ्याला घेणार का, काय भावाने, हे विचारून ठेवा. ज्याच्या घरात वेचायला चार माणसं आहेत आणि उसनवारी करायची नाही त्याच्यासाठी मी हेच सुचवीन.

बाटल्यांबद्दल थोडक्यात. सोडियम जास्त असला की झाडाला पालाश कमी मिळतं, त्यामुळे बोंडं भरताना १३:०:४५ (पोटॅशियम नायट्रेट) ची १० लिटरला १०० ग्रॅमने फवारणी समजण्यासारखी आहे. बाकी जमिनीतले क्षार गायब करणारं टॉनिक म्हणून जे विकतात त्याने तुंबलेली माती मोकळी होत नाही, ते पैसे जिप्समला लावा.

आणि यातलं काहीही केलं तरी, विहिरीचं किंवा बोअरचं खारं पाणी उन्हाळ्यात ठिबकवरून देऊन मे महिन्यातच सरकी टोबायचा मोह असेल तर थांबा. त्या पाण्यातला सोडियम थेट मुळाशी बसतो, म्हणजे एकीकडे जिप्समने काढायचा आणि दुसरीकडे नळीने भरायचा. शेततळ्यात पावसाचं पाणी साठवून बोंडं धरताना एखादी पाळी देता आली तर ती पाळी खाऱ्या पाण्याच्या चार पाळ्यांना भारी.