२८ मिमी की १५ मिमी? ओहायोच्या जंगलात उतरण्याआधी

टेबलावर चिमुकले सैनिक, म्हणजे मिनिएचर, मांडून फ्रेंच-इंडियन युद्ध (अठराव्या शतकात उत्तर अमेरिकेत ब्रिटिश आणि फ्रेंच यांच्यात झालेलं, दोन्हीकडे तिथले मूलनिवासी असलेलं) खेळायचं ठरलंय, नियम निवडून झालेत, आणि घोडं अडलंय ते मापावर: सैनिक २८ मिमी उंचीचे घ्यायचे की १५? माझंही अडलं होतं. आज दोन्ही मापांचं सैन्य माझ्या कपाटात आहे, म्हणजे पैसे दोनदा गेलेत. निदान तुमचे एकदाच जावेत.

आधी २८ मिमीबद्दल, कारण मी सुरुवात त्यानेच केली. या युद्धातले कपडे मुळात रंगवण्यासारखे. फ्रेंचांकडून लढणाऱ्या कॅनडियन मिलिशियाचे (स्थानिक नागरी फौजेचे) घोंगडीच्या कापडाचे कोट, कमरेला विणलेला रंगीत पट्टा, डोक्यावर लोकरी टोपी. मूलनिवासी योद्ध्यांच्या चेहऱ्यावर शेंदरी आणि काळा रंग. ब्रिटिश फौजेतल्या स्कॉटिश हायलँडरांचा गडद हिरवा-निळा चौकडा. १५ मध्ये हे सगळं ठिपक्यांवर भागवावं लागतं. २८ चा माणूस हातात घेतला की तो कोण हे कळतं, आणि घरी आलेल्या पाहुण्यालाही कळतं. एका बाजूला जेमतेम तीस माणसं असणार, मग ती मोठीच का घेऊ नयेत? हा युक्तिवाद मला आजही चुकीचा वाटत नाही. तेव्हा तर अगदीच बिनतोड वाटला होता.

मग आम्ही जुमोनव्हिलची चकमक मांडली. २८ मे १७५४, आजच्या पेनसिल्व्हेनियाचा नैर्ऋत्य कोपरा. ब्रिटिशांच्या बाजूने २२ वर्षांचा जॉर्ज वॉशिंग्टन, त्याचे ४० च्या आसपास व्हर्जिनियन, मूलनिवासी नेता तानाग्रिसन याचे डझनभर मिंगो योद्धे आणि खाली खडकाच्या आडोशाला मुक्काम टाकलेले ३५ च्या आसपास फ्रेंच. सगळा मामला पाऊण तासही नाही, पंधरा-वीस मिनिटांचा. एका माणसाला एक मिनिएचर असा हिशोब इथे खरोखर जमू शकतो. आम्ही निम्म्यावर भागवलं. जेवणाचं टेबल, थर्माकोलचा कडा, जमिनीला चहाचा वाळवलेला चोथा, गवताला नारळाचा काथ्या, आणि पंचविसेक झाडं.

पहिल्याच फेरीत माझ्या शर्टाची बाही एका झाडात अडकली. झाड पडलं, त्याने शेजारचं पाडलं, आणि कड्यावरचे तीन मिंगो खाली फ्रेंचांच्या चुलीत. एकाचं टोमाहॉक (हातातली छोटी कुऱ्हाड) तुटलं. हरकत नाही, असं होतंच. पण पुढच्या वेळी हात घालताना मित्राने एक झाड उचलून बाजूला ठेवलं, ‘तात्पुरतं’. मग मीही ठेवलं. तिसऱ्या फेरीपर्यंत जंगल खिडकीच्या कट्ट्यावर आणि टेबलावर माळरान. त्यानंतर प्रत्येक गोळीला वाद: मधे झाड होतं की नव्हतं, होतं तर याच्या डावीकडे की उजवीकडे. या लढाईत सगळा खेळ कोण कुणाला दिसतो यावर चालतो, आणि आम्ही नेमकं तेच हरवून बसलो होतो.

सैन्य लहान करता येतं, झाडं लहान करता येतात, माझा तळहात मात्र आहे तेवढाच राहतो. २८ ला शोभेल असं झाड वीसेक सेंटिमीटर उंच आणि वर चांगलं डेरेदार. दोन डेऱ्यांमधून हात खाली जावा म्हणून झाडं लांब लांब लावली की जंगलाची आमराई होते. (खरं तर २० सेंटिमीटरही कमीच. तिकडचा पांढरा पाइन ४५ मीटरपर्यंत जाई. २८ च्या मापात तो ८० सेंटिमीटर भरतो. दिवाळीच्या किल्ल्यावर महाराज बुरुजापेक्षा उंच असले तरी आपल्याला चालतं, तेव्हा हा मुद्दा मी ताणत नाही.)

१५ मध्ये झाडं दहा सेंटिमीटरच्या आत बसतात आणि हात वरूनच जातो. तेवढ्याच टेबलावर मी आता दुप्पट झाडं लावतो. गेल्या पाच-सहा डावांत एकही उचलावं लागलेलं नाही. बाही दुमडून बसायची सवय लागली, हेही कारण असेल. चालीचं आणि गोळीचं अंतर नियमांत इंचांत असतं; ते इंच मी १५ लाही इंचच ठेवलेत. बरेच जण त्यांचे सेंटिमीटर करतात, पण मोकळं अंतर मिळालं की बाजूने वळसा घालून येण्याला अर्थ राहतो.

१५ च्या खोड्याही सांगायला हव्यात. मित्राला चाळिशी लागली आहे आणि तो रेंजर (ब्रिटिशांचे जंगलात लढणारे सैनिक) समजून मिलिशिया हलवतो. मी बेसच्या (सैनिकाच्या पायाखालच्या चकतीच्या) कडेला रंगीत ठिपके दिले तेव्हा थोडं निभावलं. डाव आवरताना एखादा माणूस झाडांच्या डब्यात जातो आणि महिन्याने सापडतो. रंगवण्याचा आनंद निम्मा होतो, हे तर मान्यच. मात्र काम निम्म्याहून कमी होतं: जुमोनव्हिलची दोन्हीकडची पूर्ण माणसं मी एका पावसाळ्यात संपवली. परदेशातून येणाऱ्या धातूच्या मिनिएचरचं पार्सल वजनावर चालतं, तिथेही १५ चा खिशाला त्रास कमी.

तुमच्याकडे सहा फुटी टेबल कायम मांडून ठेवायला जागा असेल, किंवा मुळात रंगवणं हेच तुमचं सुख असेल, तर २८ घ्या. मी वाद घालणार नाही. मीही माझे विकलेले नाहीत. १३ मार्च १७५८ ला लेक जॉर्जजवळ रॉबर्ट रॉजर्स या सेनानीचे रेंजर बर्फाचे जोडे घालून लढले. ती लढाई मी २८ वरच करीन म्हणतो, कारण पानं गळलेल्या झाडांत हात तरी दिसतो. संगिनी फांद्यांत अडकतील, ते तेव्हाचं तेव्हा बघू.

आणि ऑर्डर देण्याआधी एक करा. टेबलावर पाण्याच्या बाटल्या दाटीने उभ्या करा, मधे बुद्धिबळातली प्यादी ठेवा आणि काही न पाडता ती हलवून बघा. मग बाटल्या काढून कटिंगचे ग्लास ठेवा.