बिघाड झोन व्हॉल्व्हचा, बिल बॉयलरचं : माझे ३,०३९ डॉलर गेले

न्यू जर्सीत जुनं घर घेतलंय आणि हीटिंग बॉयलर-बेसबोर्डची आहे (बॉयलरचं गरम पाणी पाइपांतून भिंतीकडेच्या हीटरमध्ये फिरतं), त्या प्रत्येकाने हे वाचा.

जानेवारीत आमच्या खालच्या मजल्याची हीटिंग बंद पडली. वर ऊब, खाली ५४ डिग्री फॅरनहाइट. भारतातून आलेले आई-बाबा खालच्याच खोलीत झोपतात. नेहमीचा प्लंबर फोन उचलेना, म्हणून व्हॉट्सॲप ग्रुपवर कुणीतरी टाकलेला नंबर लावला. रात्री माणूस आला. नुसतं येण्याचे १८९ डॉलर. बेसमेंटमध्ये टॉर्च फिरवून म्हणाला, सर्क्युलेटर (गरम पाणी फिरवणारा पंप) गेलाय, बॉयलरचा कंट्रोलही गेलाय, आत्ता बदलला नाही तर पाइप गोठून फुटतील. २,८५० डॉलर. कार्ड नको, बँकेतून थेट ट्रान्सफर करा.

डोक्यात सणक जाते ती इथे. त्याच वेळी वरच्या मजल्याचा पाइप हाताला चटका देत होता! दोन्ही मजल्यांना सर्क्युलेटर एकच. तो बंद असता तर वर गरम पाणी चढलं कसं? आणि काम संपवताना त्याने खालच्या झोन व्हॉल्व्हच्या, म्हणजे त्या मजल्याचं गरम पाणी सोडणाऱ्या-अडवणाऱ्या मोटरवाल्या झडपेच्या, बाजूची छोटी दांडी अंगठ्याने सरकवून खाचेत अडकवली. माझ्या डोळ्यांसमोर. "हे काय?" विचारलं तर म्हणाला, "हवा काढतोय." थोड्या वेळात खालचा पाइप गरम. आई म्हणाली, "देवासारखा धावून आला बघ." बाहेर हाडं गोठवणारी थंडी, घरात म्हातारी माणसं, अशा वेळी मेकॅनिकची उलटतपासणी कोण घेतं? कुणीही पैसे दिले असते.

व्हॉल्व्हची मोटर मेली तरी त्या दांडीने तो उघडा ठेवता येतो. पण आतला एंड स्विच, म्हणजे व्हॉल्व्ह उघडल्यावर बॉयलरला पेटायला सांगणारा स्विच, लागत नाही, त्यामुळे खालचा थर्मोस्टॅट कितीही ओरडला तरी बॉयलर पेटत नाही. वरचा मजला उष्णता मागेल तेव्हाच खाली काय ती मिळते. रात्री वरचा थर्मोस्टॅट आम्ही उतरवतो, म्हणून पहाटे बाबा पुन्हा शाल-कानटोपीत. त्या माणसाला फोन केला तर म्हणे आता बॉयलरच बदला, ११,६०० डॉलर, परमिटची भानगड नको. बॉयलर बदलायला टाउनचं परमिट लागतंच. नको म्हणणाऱ्याला दारातूनच परत पाठवा.

शेवटी नेहमीचा प्लंबर आला. मीटर लावला : व्हॉल्व्हला २४ व्होल्ट येतायत, मोटर ढिम्म. पाणी न काढता व्हॉल्व्हचा वरचा डबा, म्हणजे पॉवरहेड, बदलला. २६० डॉलर. मग कंट्रोलचं झाकण उघडलं, तर आत वर्षांची धूळ, तारांवर जळमटं. बिलात लावलेला नवा कंट्रोल बसवलाच नव्हता! जुना सर्क्युलेटर तो माणूस सोबत घेऊन गेला होता, त्यामुळे तो चांगला होता हे दाखवायलाही हातात काही नाही. काढलेला पार्ट घरातच ठेवून घ्या, भंगार असला तरी.

पोलिसांकडे गेलो. "हा दिवाणी मामला." बँक म्हणाली, ट्रान्सफर तुम्हीच केलात. सरकारी कार्यालयाला फॉर्म, फोटो, बिल, दुसऱ्या प्लंबरचं लेखी मत, सगळं पाठवलं. उत्तर काय, तर तुमची तक्रार संबंधित कंत्राटदाराकडे पाठवली आहे! चोरालाच विचारणार, चोरी केलीस का? फोन केला की दुसरा विभाग, तिथून पुन्हा पहिला, मध्ये तासभर संगीत. ट्रकवर लिहिलेला कंत्राटदाराचा रजिस्ट्रेशन नंबर भलत्याच माणसाच्या नावावर निघाला, हेही कळवलं. त्यावर साधी पोचही नाही. कर भरायला एक दिवस उशीर झाला तर हेच सरकार दंड लावतं.

इथे घरदुरुस्तीच्या कंत्राटदाराचा रजिस्ट्रेशन नंबर १३व्हीएचने (13VH) सुरू होतो. माणूस जिना उतरण्याआधी सरकारी साइटवर तपासा. ५०० डॉलरवरच्या कामाला लेखी करार लागतो आणि तो हातात पडल्यापासून कामकाजाच्या तीन दिवसांत रद्द करता येतो. मला त्याने नुसती चिठ्ठी दिली. पैसे कार्डानेच द्या. एकच मजला गार असेल तर बॉयलरवर बोलूच देऊ नका, आधी त्या झोनच्या व्हॉल्व्हवर मीटर लावायला सांगा.

स्मॉल क्लेम्समध्ये, म्हणजे छोट्या रकमांच्या कोर्टात, ५,००० डॉलरपर्यंतचा दावा वकिलाशिवाय चालतो. माझा दाखल केलाय. "सर्क्युलेटर + कंट्रोल, २,८५०" असं हाताने लिहिलेलं बिल तुमच्याकडेही असेल तर फेकू नका, मला कळवा. सुनावणीच्या तारखेच्या आत मला ते हवंय.