पाबे घाट, कमरेची बॅग आणि दीड लिटर पाणी

पाठीवर सॅक घेऊन सायकल चालवणं मी गेल्या वर्षी मार्चमध्ये बंद केलं. मी नर्स आहे. वॉर्डात पेशंटना उठवून-बसवून, कुशीवर वळवून आठवडाभर कंबर भरून आलेली असते. त्यात सुट्टीच्या दिवशी सॅकचे पट्टे खांद्यात रुतायचे, पाठ घामाने निथळायची आणि पुण्याजवळचा पाबे घाट निम्मा चढेपर्यंत मान आखडायची. पण पाणी सोबत हवंच. घाटाअलीकडचं खानापूर मागे पडलं की पलीकडच्या वेल्ह्यापर्यंत वाटेत भरून घेऊ, या भरवशावर मी उन्हाळ्यात निघत नाही. म्हणून कमरेला बांधायची हायड्रेशन बॅग घेतली: आत पाण्याची मऊ पिशवी, म्हणजे ब्लॅडर, आणि पाणी ओढून प्यायची नळी. तिला आता चौदा महिने झाले. दोन उन्हाळे आणि एक पूर्ण पावसाळा तिने पाहिला.

कंपनीचं नाव इथे लिहीत नाही. ब्लॅडरच्या तक्रारीचं काम अजून अडकलेलं आहे, ते मिटेपर्यंत नको. आणि अशी बॅग कशी पारखायची हे नावाशिवायही सांगता येतं.

आधी, बाटल्या का पुरत नाहीत ते सांगते. माझी उंची पाच फूट एक इंच. एवढ्या लहान फ्रेमच्या त्रिकोणात एकच बाटली नीट बसते, दुसरी काढता-घालताना वरच्या नळीवर आपटते. मुक्कामाच्या राइडला तिथे फ्रेम बॅग लागते, मग ती एक जागाही जाते. उंच मुलांना हा प्रश्न कधी पडतच नाही, म्हणून ते सहज म्हणतात, “अजून एक बॉटल केज लाव की!” दुसरं कारण पावसाळ्याचं. जुलैत डोणजे फाट्याच्या पुढे पुढचं चाक जे काही उडवतं त्यात चिखल असतो, शेण असतं, आणि ते सगळं बाटलीच्या तोंडावर येऊन बसतं. तेच तोंड आपण दातांनी ओढून उघडतो. लेप्टोचे, म्हणजे जनावरांच्या मूत्राने दूषित पाणी-चिखलातून होणाऱ्या लेप्टोस्पायरोसिसचे पेशंट मी सांभाळले आहेत, मला ते जमत नाही. कमरेच्या बॅगेची नळी त्यामानाने खूप स्वच्छ राहते.

पाणी किती लागतं हे मी अंदाजावर सोडलं नाही. एप्रिलमधल्या एका सकाळी निघण्याआधी वजन केलं: 61.4 किलो. चार तासांनी घरी आल्यावर अंग पुसून, त्याच काट्यावर: 60.2. मध्ये दीड लिटर पाणी प्यायले होते, लघवीला गेले नव्हते. म्हणजे घाम साधारण 2.7 लिटर, तासाला पाऊण लिटरच्या जरा आत. वॉर्डात आपण इनटेक-आउटपुटचा चार्ट भरतो तसाच हा हिशोब. प्रत्येकाचा आकडा वेगळा येईल, पण बॅग घेण्याआधी एकदा स्वतःचा काढाच. आणि गेलं तेवढं सगळं साध्या पाण्याने भरून काढायच्या मागे लागू नका, घामातून मीठही जातं. नुसतं पाणी ढोसत राहिल्याने सोडियम खाली येऊन गुंगीत गेलेला माणूस मी पाहिला आहे.

पिशवी-नळीच्या या प्रकाराची सुरुवात माझ्याच क्षेत्रातून झाली, याचं मला फार कौतुक आहे. 1980 च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेत टेक्सासमध्ये मायकेल आयडसन नावाचा रुग्णवाहिकेवर काम करणारा माणूस शंभर मैलांच्या सायकल राइडला उतरला होता. ऑगस्टचं ऊन. त्याने सलाईनची पिशवी पाण्याने भरली, पायमोज्यात घातली, मोजा जर्सीच्या पाठीला अडकवला आणि नळी खांद्यावरून पुढे घेतली. त्यातूनच पुढे कॅमलबॅक ही कंपनी उभी राहिली. पाठीवरचं ते पाणी नंतर कमरेवर उतरलं.

बाजारात आज दोन जाती आहेत. एकीत बाटल्या खोचायच्या, ऑस्प्रे कंपनीची सावू 5 तशी आहे, दोन बाजूंना दोन बाटल्या. दुसरीत ब्लॅडर आणि नळी. ऑस्प्रेची सेराल 4 आणि कॅमलबॅकची रीपॅक एलआर 4 या दोन्ही एकूण चार लिटर जागेच्या बॅगा, दोन्हींत दीड लिटरचा ब्लॅडर. इव्हॉकच्या तीन लिटरच्या हिप पॅकलाही ब्लॅडर दीडचाच. दीडवर बरेच जण येऊन थांबतात ते उगाच नाही. पाणी म्हणजे लिटरला किलो, आणि पाणी दीड किलोच्या पुढे गेलं की कमरेवरचं ओझं प्रत्येक पॅडलला डावीकडून उजवीकडे जायला लागतं. मी एकदा मुद्दाम वरून अर्ध्या लिटरची बाटली कोंबून पाहिली. कात्रजच्या चढावर दहा मिनिटांत काढून नणंदेकडे दिली.

आता खरेदीची गोष्ट. पहिल्या दुकानात तीन बॅगा काढून दाखवल्या, तिन्ही रिकाम्या, आत कागदाचे बोळे. मी म्हटलं, “दादा, ब्लॅडर भरून बघू का?” तर म्हणे पाणी लागलं की माल परत घेता येत नाही. रिकामी बॅग कुणालाही छान बसते. तिथून निघाले, पुढच्या दुकानात जाताना एक लिटरची सीलबंद पाण्याची बाटली आणि अर्ध्या लिटरची एक अशा दोन घेतल्या. त्या बंदच ठेवून ब्लॅडरच्या कप्प्यात आडव्या सरकवल्या, पट्टा आवळला आणि दुकानात उभ्या असलेल्या एका सायकलवर हँडल धरून वाकले. मालकांनी स्वतः मागून सायकल धरली. चार मिनिटांत तिथल्या तीनपैकी दोन बॅगा बाद झाल्या. ही युक्ती जरूर करा, कुणाचं काही खराब होत नाही.

बाद का झाल्या? पट्ट्यामुळे. या बॅगेत नव्वद टक्के महत्त्व पट्ट्याला आहे आणि लोक बघतात खिसे. नितंबावर इंजेक्शन देताना आम्ही कमरेच्या हाडाचा वरचा काठ बोटांनी चाचपतो. तुम्हीही हात कमरेवर ठेवा, अंगठा मागे, तर्जनी पुढे. तो जो कठीण काठ लागतो, पट्टा त्याच्यावर बसला पाहिजे. पहिल्या बॅगेचा पट्टा अरुंद, नुसती दोन बोटं रुंदीची पट्टी. वाकल्याबरोबर ती काठावरून निसटून पोटाच्या मऊ भागात शिरली आणि श्वास अर्धा राहायला लागला. दुसरीचा रुंद होता, पण दोन्ही बाजूंचे गादीचे पंख एवढे लांब की माझ्या कमरेला ते पुढे बकलपाशी एकमेकांना टेकले. पट्टा आणखी आवळायला जागाच नाही, म्हणजे बॅग घसरणारच. बारीक कमरेच्या बायकांनी आणि मुलींनी हे हटकून बघावं. पूर्ण आवळल्यावर बकलच्या दोन्ही बाजूंना चार-चार बोटं मोकळी पट्टी उरली पाहिजे. तिसरीचे पंख तळहाताएवढे रुंद आणि आखूड, हाडाच्या काठाला धरून मागे माकडहाडाच्या वरच्या सपाट जागेवर बॅग टेकलेली. तीच घेतली. साडेसहा हजार पडले.

वापरायची रीत मात्र दुकानात कुणी शिकवत नाही. घाट चढताना मी बकल बोटभर सैल करते, म्हणजे पोट मोकळं राहतं आणि बॅग माकडहाडाच्या वर विसावते. माथ्यावर पोचले, समोर तोरणा आणि राजगड डोळे भरून पाहून घेतले, की उतरण्याआधी पुन्हा आवळते. हे विसरले त्या दिवशी वेल्ह्याच्या बाजूच्या पहिल्या खडबडीत वळणावर बॅग कमरेवरून फिरून बरगडीला लागली होती. बाजूंचे दोन छोटे पट्टेही दर अर्ध्या तासाने ओढायचे. पाणी कमी होतं तसा ब्लॅडर आक्रसतो आणि आतलं सामान खुळखुळायला लागतं.

पहिल्या राइडला तर वेगळाच आवाज होता. नणंद मागून ओरडली, “वहिनी, तुमचं पाणी डुचमळतंय ते मला इथपर्यंत ऐकू येतंय!” ब्लॅडरमध्ये हवा राहिली की असं होतं. त्याला उपाय साधा आहे. भरून तोंड बंद केलं की ब्लॅडर उलटा धरायचा, नळीचं टोक वर, आणि नळीतून हवा ओढून घ्यायची, तोंडात पाणी येईपर्यंत. सलाईनच्या सेटमधली हवा काढल्याशिवाय आम्ही पेशंटला लावत नाही, इथे कारण वेगळं असलं तरी हात तसाच चालतो. हवा काढलेला ब्लॅडर गच्च, गप्प बसतो. उन्हाळ्यात आणखी एक: घोट घेऊन झाला की नळीत हलकी फुंकर मारून पाणी परत आत ढकलायचं, नाहीतर नळीतलं पाणी तापतं आणि पुढचा पहिला घोट चहासारखा येतो.

नळी पट्ट्यावर लोहचुंबकाने चिकटते. हे चुंबक मला फार आवडलं. उतारावर एका हाताने नळी सोडली तरी ती आपल्या जागी जाऊन बसते, नजर रस्त्यावरून काढावी लागत नाही. खोचायची नुसती क्लिप असलेली बॅग मी घेणार नाही.

ब्लॅडरमध्ये मी फक्त साधं पाणी भरते. ओआरएस वेगळ्या 600 मिलीच्या बाटलीत, 200 मिलीची छोटी पाकिटं तीन. मोठं पाकीट लिटरचं असतं, ते लहान बाटलीत रिकामं करू नका, फार तीव्र होतं. साखरेचं काहीही ब्लॅडरमध्ये घातलं तर पुण्याच्या पावसाळ्यात नळीत चार दिवसांत काळे ठिपके येतात. माझ्या नळीत साध्या पाण्यानेही ऑगस्टमध्ये आले. तेव्हापासून राइडहून आलं की कोमट पाणी आणि चमचाभर खाण्याचा सोडा, नळीत लांब तारेचा ब्रश, मग ब्लॅडरच्या तोंडात लाकडी डाव आडवा घालून बाल्कनीत उलटा. पावसाळ्यात तो दोन दिवसांतही वाळत नाही, म्हणून निथळून सरळ फ्रीझरमध्ये. गोठलेल्या ब्लॅडरमध्ये बुरशी वाढत नाही. सासूबाईंनी पहिल्यांदा मटारांशेजारी तो पाहून विचारलं होतं, आता त्याच जागा करून देतात.

तक्रारीचं सांगायचं तर सातव्या महिन्यात नळी जिथे ब्लॅडरला जोडते तिथून थेंब-थेंब गळायला लागलं. पानशेतच्या रस्त्यावर मला वाटलं घामच आहे. घरी आले तेव्हा मागची पूर्ण शॉर्ट ओली आणि आतला मोबाईल दमट. जोडातली रबरी रिंग चपटी झाली होती. दुकानाने कंपनीकडे बोट दाखवलं, कंपनीने कळवलं की वॉरंटी बॅगेची, ब्लॅडरची नाही. विकताना बिलावर एकच वस्तू लिहिली होती. साडेसहा हजारांत पाच-दहा रुपयांची रिंग सुटी मिळू नये याचा मला खरंच राग आला. शेवटी बोहरी आळीत नमुना घेऊन गेले आणि त्याच मापाची रिंग मिळाली, तेव्हापासून गळती नाही. तुम्ही घ्याल तेव्हा दोन गोष्टी आधी विचारा: ब्लॅडर सुटा मिळतो का, आणि वॉरंटी कशाकशाची. मोबाईल तेव्हापासून धुऊन वाळवलेल्या दुधाच्या पिशवीत असतो.

भरलेली बॅग मी आमच्या कोपऱ्यावरच्या भाजीवाल्या मावशींच्या काट्यावर टाकली होती: दोन किलो 940 ग्रॅम. त्यात पाणी दीड, बाकी ट्यूब, छोटा पंप, टूल, मोबाईल, विंडचीटर, चिक्की आणि बॅग स्वतः. पंप कधी ब्लॅडरला लागून ठेवू नका, त्याची कड घासते. मागे दिव्यासाठी शिवलेली पट्टी दिली आहे, ती निरुपयोगी. वाकून चालवताना दिवा आकाशाकडे बघतो. सिंहगड रोडच्या संध्याकाळच्या गर्दीत मी सीटखालच्या नळीवरच्या दिव्याशिवाय निघत नाही.

मुक्कामाच्या राइडबद्दल माझं मत बदललं आहे. अंगावरचं सगळं वजन शेवटी सीटवर येतं. तीन-चार तास हे तीन किलो जाणवत नाहीत. डिसेंबरात केळदला मढे घाटावर मुक्कामाला गेलो तेव्हा सहाव्या तासाला बैठकीची हाडं ठणकायला लागली. शिवाय चढावर उठून परत बसताना बॅगेचा तळ सीटमागच्या मोठ्या बॅगेवर आदळत होता. दुसऱ्या दिवशी ब्लॅडर काढून फ्रेम बॅगेत ठेवला, नळी हँडलपर्यंत आणून चिकटपट्टीने बांधली, कमरेला फक्त मोबाईल, पैसे आणि विंडचीटर. तो दिवस सुखाचा गेला. त्यामुळे बाइकपॅकिंगसाठी घेत असाल तर ब्लॅडर आणि नळी सुटी काढून दुसरीकडे लावता येते ना, हे बघूनच घ्या. आणि उंच फ्रेमवर दोन बाटल्या बसत असतील, राइड दोन-अडीच तासांचीच असेल, तर हे पैसे खर्चू नका.

गेल्या महिन्यात नणंदेसाठी हीच बॅग घ्यायला गेलो, या वेळी कर्वेनगरच्या बाजूच्या एका छोट्या दुकानात. मी पाण्याच्या बाटल्या पिशवीत घेऊनच गेले होते. तिथल्या मुलाने विचारायच्या आधीच ब्लॅडर काढला, मागच्या नळावर भरून आणला आणि म्हणाला, “ताई, बांधून खालच्या गल्लीत एक चक्कर मारून या.” ती पाच मिनिटांनी परत आली ती पट्टा पोटावर चढल्याचं सांगतच. तिला तिथलीच दुसरी बॅग बसली, माझ्यापेक्षा आठशे रुपये स्वस्त. सुटी रिंगही त्याने ड्रॉवरमधून काढून दाखवली. मी माझ्यासाठी दोन घेतल्या.